पेकॉसपलीकडची कचेरी

स्वतःच्या सावलीपेक्षा जलद पिस्तूल झाडणारा मनुष्य नायक म्हणून कितीही आदरणीय असला, तरी सोबतीला फारसा रंजक असत नाही, हे माझे मत लकी ल्यूकच्या चित्रकथांनी उत्तरोत्तर दृढच केले आहे. १९४६ च्या अखेरीस मॉरिस नामक बेल्जियन चित्रकाराने त्याला जन्मास घातले. तेव्हापासून हा सडपातळ, मितभाषी गुराखी गावोगावचे दरवडेखोर धरून देतो, मानपत्राची यत्किंचितही अपेक्षा न करता शेवटच्या चौकटीत मावळतीच्या दिशेने चालू लागतो, आणि त्याच्या अंगी एखादा दुर्गुण शोधावा म्हटले तर ओठांतल्या सिगारेटपलीकडे काही हाती लागत नाही. तीही १९८३ साली काढून घेऊन तिच्या जागी गवताची काडी देण्यात आली, व या पुण्यकृत्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने पुढे मॉरिसचा गौरवही केला. त्याचा घोडा जॉली जंपर बुद्धिबळ खेळतो. धन्याला मात्र तेवढाही शौक नाही.

मग या चित्रकथा इतक्या गोडीने का वाचाव्यात? माझ्यापुरते उत्तर असे की, त्यांतला खरा विनोद पिस्तुलात नसून दप्तरात आहे. मॉरिस १९४८ साली अमेरिकेस गेला आणि तेथे त्याची गाठ रने गॉसिनीशी पडली. पुढे अ‍ॅस्टेरिक्समुळे जगप्रसिद्ध झालेल्या या लेखकाने १९५५ पासून १९७७ मध्ये मृत्यू येईपर्यंत लकी ल्यूकच्या कथा रचल्या. अमेरिकेची पश्चिम सरहद्द म्हणजे जेथे अंमलदार येऊन ठेपला आहे, परंतु कायदा अद्याप वाटेत आहे, असा मुलूख, हे या दोघांनी पुरते हेरले होते. म्हणूनच त्यांच्या गावांत गोळीबार सुरू होण्यापूर्वीच प्रेतवाहक फूटपट्टी घेऊन हजर असतो आणि धडधाकट पाहुण्याच्या उंचीची मापे अत्यंत अदबीने टिपून घेतो.

या दप्तरी विनोदाचा मुकुटमणी म्हणजे १९५९ सालचे न्यायाधीश रॉय बीनचे पुस्तक. टेक्सासमधल्या लँग्ट्री गावी, आपल्या मद्यालयातच न्यायासन मांडून बसलेला हा दाढीवाला थेरडा गॉसिनीने कल्पनेतून निर्मिला असावा, असा कोणाचाही समज व्हावा. परंतु रॉय बीन खराखुरा होता, आणि पेकॉस नदीच्या पश्चिमेस कायदा म्हणजे आपणच, असा त्याचा दावा होता. त्याचा ग्रंथसंग्रह म्हणजे टेक्सासच्या कायद्यांची एक जुनी प्रत. खटल्याच्या मध्यंतरात पंचांनी मद्य विकत घ्यावे, अशी त्याची अपेक्षा असे. त्यामुळे न्यायदान आणि गल्ला ही दोन्ही खाती एकाच मेजावरून चालत, आणि दंडाची रक्कम सरकारी खजिन्यात भरण्याची तोशीस तो सहसा घेत नसे. एका मयत इसमाच्या अंगावर पिस्तूल व ४० डॉलर सापडले असता, शस्त्र लपवून बाळगल्याच्या गुन्ह्याबद्दल त्या प्रेतास बरोबर ४० डॉलर दंड ठोठावण्यात आला, अशी आख्यायिका आहे. आरोपी निमूट, मुद्देमाल समोर, वसुली जागच्या जागी आणि अपिलाची धास्ती नाही. असा निर्वेध खटला आमच्याकडील कोणत्याही मामलेदाराच्या नशिबी आलेला मला ठाऊक नाही.

या रुक्ष पुरुषाच्या अंतःकरणात एक हळवा कोपराही होता. लिली लँग्ट्री या ब्रिटिश नटीवर त्याची अशी काही भक्ती जडली होती की, मद्यालयाला त्याने तिचेच बिरुद दिले, तेही पाटीवर अशुद्ध लिहून; आणि रेल्वेच्या एका अभियंत्यावरून पडलेले गावाचे नावही तिच्याच सन्मानार्थ ठेवले आहे, असे तो सांगत राहिला. बाईसाहेब गाव पाहण्यास आल्या, पण १९०३ साली तो वारल्यानंतर काही महिन्यांनी.

डाल्टन बंधूंची हकिकतही अशीच दप्तरात अडकलेली आहे. ५ ऑक्टोबर १८९२ रोजी कॅन्ससमधल्या कॉफीव्हिल या आपल्या ओळखीच्याच गावी एका वेळी दोन बँका लुटण्याचा महत्त्वाकांक्षी बेत करून, खोट्या दाढ्यांनिशी हे लोक आले. परंतु गावाने नेमकी तेव्हाच रस्त्याची दुरुस्ती काढली होती व घोडे बांधण्याची आडवी दांडी उखडून ठेवली होती. निरुपायाने घोडे दूर एका बोळात बांधावे लागले, दाढ्यांआडचे चेहरे गावकऱ्यांनी ओळखले, आणि परतीच्या वाटेवर पाचांपैकी चौघे ठार झाले. सार्वजनिक बांधकामाच्या दिरंगाईने समाजाची सेवा केल्याचे इतके स्पष्ट उदाहरण इतिहासात विरळाच! वाचलेल्या एमेटने १४ वर्षे तुरुंगात काढली आणि पुढे १९१८ साली एका चित्रपटात स्वतःचीच भूमिका केली.

मॉरिसनेही आरंभी इतिहासाला जागून डाल्टनांना मारून टाकले, पण मागाहून त्यास हळहळ वाटली; तेव्हा गॉसिनीने त्यांचे चार चुलतभाऊ हुडकून आणले. जो, विल्यम, जॅक आणि अ‍ॅव्हरेल हे उतरंडीच्या मडक्यांसारखे चढत्या उंचीचे, आणि अक्कल मात्र उलट क्रमाने वाटलेली. हे चौघे तुरुंगातून पळतात तेही बहुधा भिंतीत शेजारी शेजारी चार भगदाडे पाडून, ज्याच्या त्याच्या उंचीबरहुकूम.

त्यांच्यावर पहारा करतो रांतांप्लां नावाचा कुत्रा. चलच्चित्रांतल्या रिन टिन टिन या चतुर श्वानाचे हे विडंबन. कैदी पळाले की त्यास फिरावयास निघाल्याचा आनंद होतो, चोर दिसला की तो शेपूट हलवतो, आणि धोक्याची जाणीव झालीच तर भलत्याच माणसावर भुंकतो. असे असूनही सरकारी शिध्यावरून त्याचे नाव कोणी कमी करत नाही. तुरुंगात हजेरीपट असलाच, तर सचोटीने भरलेली हजेरी त्या एकट्याचीच निघेल. कैदी फरार असतात, आणि पहारेकरी त्यांच्या शोधात बाहेर गेलेले असतात.