रात्रपाळीला कोण बसते?

रात्रीचे पावणेबारा झाले होते. शहर आवृत्तीचं पहिलं पान सुटायला पंधरा मिनिटं होती आणि मी मथळ्यातला एक जास्तीचा शब्द कापायच्या खटपटीत होतो. तेवढ्यात पीआरभाऊंचा फोन वाजला. या वेळेला त्यांचा फोन आला की गेल्या पंचवीस वर्षांत अर्थ एकच: संस्थेत काहीतरी झालंय आणि ते उद्या छापून यायला नको आहे. मी म्हटलं, "बोला भाऊ, काय दाबायचंय?"

"तुमच्याकडलं काही नाही जी," ते म्हणाले. आवाज पार बसलेला. "मला फक्त एक सांगा, इन्स्टाग्रामच्या डेस्कवर रात्रपाळीला कोण बसते?"

पीआरभाऊ हे कोणा एकाचं नाव नाही. नागपुरात इमारत चार मजल्यांच्या वर गेली की तिला लिफ्ट लागते आणि संस्था चार शाखांच्या वर गेली की तिला पीआरभाऊ लागतो. कॉलेज असो, हॉस्पिटल असो, बिल्डर असो की पतसंस्था, माणूस तोच. खिशाला दोन पेनं, काखेत रेक्झिनचं फोल्डर, दर रविवारी न चुकता लावलेला कलप आणि चेहऱ्यावर लग्नात आहेर घ्यायला बसवलेल्या मामाचं हसू. कार्डावर 'जनसंपर्क अधिकारी'. आता त्यापुढे 'व डिजिटल' असंही आहे, पण कार्डं जुनीच उरलेली असल्यामुळे तेवढा शिक्का मारलेला आहे, जरा तिरपा.

माझ्या वाट्याला आलेले पीआरभाऊ एका शिक्षणसंस्थेचे. मी उपसंपादक म्हणून चिकटलो त्याच वर्षी तेही नोकरीला लागले. तेव्हा ते लुनावर यायचे. संध्याकाळी साडेपाचला निघायचं, धंतोली, रामदासपेठ, वर्धा रोड असा फेरा करायचा आणि प्रत्येक कचेरीत प्रेसनोट स्वतःच्या हातानं, माणसाच्या हातात द्यायची. 'पेटीत टाकून जा' म्हटलेलं त्यांना सोसत नसे. पेटीत टाकलेली प्रेसनोट म्हणजे पत्ता न लिहिलेलं आंतरदेशीय, असं ते म्हणत.

त्यांची खरी इस्टेट म्हणजे एक डायरी. कुठल्याशा बँकेनं नवीन वर्षाला दिलेली, तारखांशी संबंध कधीच सुटलेला. कोणाचं घर कोणत्या लेआउटमध्ये, कोणाची मुलगी यंदा दहावीला, कोणाला पित्त आहे म्हणून सावजीत न्यायचं नाही, कोणाला खर्रा लागतो आणि त्यात चुना किती, हे सगळं तिच्यात. एकदा ती माझ्या टेबलावर विसरली. दुसऱ्याची डायरी वाचू नये हे खरं, पण मी माझं पान तेवढं काढलं. लिहिलं होतं: 'चहा बिनसाखर. वडील गेले, मार्चमध्ये. माणूस सरळ. पण संपन्न झाला कापतो.' त्यांच्या प्रत्येक प्रेसनोटेत कार्यक्रम 'संपन्न' व्हायचा आणि मी तो नुसता 'झाला' करायचो. इतकी वर्षं त्यांनी ते मनाला लावून घेतलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

त्यांचा सगळा धंदा दोन क्रियापदांवर उभा: बातमी लावणे आणि बातमी दाबणे. लावायची ती दुपारी, हसत. दाबायची ती रात्री, घामेजून. दोन्हींसाठी समोर एक माणूस लागायचा, ज्याच्या खांद्यावर हात ठेवता येईल. डिसेंबर म्हणजे तर त्यांचा आषाढ. १९५३च्या नागपूर कराराच्या पुण्याईनं हिवाळी अधिवेशन इथे भरतं, मुंबईची वार्ताहर मंडळी स्वेटर घालून उतरतात, आणि पीआरभाऊ त्यांना संत्र्यांच्या पेट्या पोचवत, हुरड्याला नेत, कुणाला ताप आला तर दवाखान्यात बसून राहत. यातल्या एकाही गोष्टीची बातमी व्हायची नाही. पण मे महिन्यात संस्थेवर काही बालंट आलं की मुंबईचा फोन उचलला जायचा.

बातमी लागली की कात्रण. कात्रण फूटपट्टीनं मोजायचं, कॉलम सेंटिमीटर काढायचे, जाहिरातीच्या दरानं गुणायचं आणि महिनाअखेरीला अध्यक्षांपुढे फाइल ठेवायची, की साहेब, एवढी जाहिरात आपण फुकटात केली. २१ एप्रिलला राष्ट्रीय जनसंपर्क दिन असतो. त्या दिवशी ते दरवर्षी मला आयव्ही लीची गोष्ट ऐकवतात. १९०६ साली अमेरिकेत अटलांटिक सिटीला आगगाडी पुलावरून पाण्यात कोसळली. रेल्वे कंपनीतर्फे लीनं झाल्या प्रकाराचं निवेदन लिहून पत्रकारांना वाटलं, आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'नं ते जसंच्या तसं छापलं. जगातली पहिली प्रेसनोट म्हणतात ती हीच. "जसंच्या तसं हं भाऊ," पीआरभाऊ माझ्याकडे रोखून पाहत म्हणतात, "एक शब्द कापला नाही."

मग मोबाइल आला आणि भाऊंच्या हाताखाली एक पोरगी आली. सोशल मीडिया बघणारी, तेवीस वर्षांची, कानात कायम काहीतरी घातलेली. तिनं त्यांना शिकवलं की आता सेंटिमीटर नाही, रीच. रीच म्हणजे काय, हे त्यांनी मला समजावून सांगितलं ते असं: "किती लोकायच्या अंगठ्याखालून गेलं ते. वाचलंच पाहिजे असं नाही." त्यांनी केलेलं प्रजासत्ताक दिनाचं ग्राफिक पाहून ती म्हणाली, "सर, क्रिंज आहे हे." भाऊंना वाटलं क्रिंज हा पोस्टरचा साइज असावा. महाराष्ट्र दिनाला त्यांनी डिझायनरला सांगितलं, "क्रिंजमध्येच कर, मागच्या वेळी चांगलं जमलं होतं."

शिकायची हौस मात्र दांडगी. २०१९च्या सप्टेंबरात चांद्रयान-२च्या विक्रम लँडरशी संपर्क तुटला आणि नागपूर पोलिसांनी ट्विटरवर लिहिलं, की प्रिय विक्रम, उत्तर दे, सिग्नल तोडल्याबद्दल आम्ही तुझं चलान फाडणार नाही. देशभर गाजलं ते. भाऊ पेटले. आपणही विनोदी व्हायचं! त्यांनी लिहिलं: 'प्रिय विक्रम, तुझा संपर्क तुटला तरी आमचे प्रवेश सुरू आहेत.' आता संस्थेत विनोदालाही टिपणी लागते. कागद प्राचार्यांकडे गेला, तिथून रजिस्ट्रारकडे, तिथून विधी अधिकाऱ्याकडे. त्यानं शेरा मारला, 'विक्रम नावाचा विद्यार्थी आपल्या पटावर आहे काय, खात्री करावी.' खात्री केली तर तीन निघाले. तिघांच्याही पालकांची ना हरकत मागवावी की काय, यावर चर्चा होईस्तोवर दिवाळी आली आणि प्रवेशही संपले.

हे सगळं तसं किरकोळ. भाऊंचं खरं नशीब फिरवलं ते डॉलीनं. २०२४च्या फेब्रुवारीअखेर बिल गेट्सनी एक व्हिडिओ टाकला. त्यात ते चहा मागतात आणि आपला सदरचा डॉली चहावाला, तो रंगीत चष्मा, ते हातवारे, त्यांना चहा पाजतो. जगानं पाहिलं. आपण कोणाला चहा देतोय हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं डॉलीनं नंतर सांगूनही टाकलं. जनसंपर्काच्या इतिहासात इतकं निरोगी वाक्य दुसरं नसेल. पण अध्यक्षसाहेबांनी त्यातून भलताच धडा घेतला. भाऊंना केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "सदरच्या टपरीवरचा पोरगा अख्ख्या जगात व्हायरल होते. माझ्या तेवीस संस्था आहेत, आणि तुमच्याच्यानं मी धरमपेठेतही व्हायरल होत नाही. पगार कायचा घेता?"

तर्रीपोह्याची कल्पना भाऊंची. सिव्हिल लाइन्समधल्या एका टपरीवर सकाळी आठला साहेबांनी सामान्य माणसासारखं उभं राहून पोहे खायचे आणि भाऊंनी लिहून दिलेलं वाक्य म्हणायचं: "पोहे असो की शिक्षण, तर्री तळापर्यंत पोचली पाहिजे." वाक्य वाईट नव्हतं, माझ्या मते. पण साहेबांना सामान्य माणसासारखं उभं राहायची सवय गेलेली. पहिल्यांदा चमचा विसरले. मग वाक्यात 'तर्री'च्या जागी 'तरी' आलं. मग मागून कोणी 'भाऊ, दोन प्लेट, तर्री मार के' ओरडलं. पोरगी शांतपणे 'सर, वन मोर' म्हणत राहिली. अकराव्या खेपेला प्लेट कलली आणि लाल, रसरशीत, वाफाळती चण्याची तर्री साहेबांच्या पांढऱ्या लिननच्या कुर्त्यावरून थेट तळापर्यंत पोचली. साहेब कळवळून ओरडले:

"अबे, शिक्षण गेलं तेल लावत, रुमाल आण!"

पोरीनं रेकॉर्डिंग ताबडतोब बंद केलं. ती कामाची होती. पण टपरीवर वीसेक पोट्टे उभे होते आणि त्यातल्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता. दुपारपर्यंत ते वाक्य गाण्यावर बसलं. संध्याकाळपर्यंत लोक त्यावर आपापली दुःखं मांडू लागले. कोणी निकालाच्या कागदासह, कोणी इंजिनीअरिंगची डिग्री भिंतीवर टांगताना, एक आजी पातळ धुताना. मीही दोनदा पाहिलं. खोटं कशाला बोलू, चारदा.

आणि रात्री पावणेबाराला भाऊंचा तो फोन. "कोणीतरी असेलच न भाऊ. रात्रीचा कोणी तरी इन्चार्ज. नाव सांगा, बाकी मी पाहतो."

मी म्हटलं, तिथे कोणी बसत नाही. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत राहिला. मग म्हणाले, "असं कसं होईल? एवढा मोठा पेपर!"

पण हाडाचा माणूस. ज्या मीम पेजवर पहिल्यांदा ते चढलं, त्याचा धनी कोण, हे भाऊंनी खर्ऱ्याच्या तीन ठेल्यांवर विचारून दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत काढलं. पोलिसांच्या सायबर शाखेनंही टोपी काढावी! पोरगा महालातला निघाला, आणि भाऊंच्याच संस्थेत तिसऱ्या वर्षाला. भाऊंनी संत्रा बर्फीचा डबा घेतला, लुना आता नाही पण ॲक्टिव्हा आहे, आणि गेले. मलाही ओढून नेलं, साक्षीदार म्हणून की काय कोण जाणे. आईनं चहा टाकला. पोरगा भाऊंना पाहून आधी पाया पडला आणि मग घाबरला. भाऊंनी डायरी उघडली. रागावले नाहीत. वडील काय करतात, आजी कशी आहे, प्रॅक्टिकलला कोण सर आहेत, सगळं विचारलं. बर्फीचा दुसरा तुकडा त्याच्या तोंडात असताना म्हणाले, "बेटा, ते तेवढं काढून टाक न."

"काढतो सर, आत्ता काढतो," पोरगा म्हणाला, आणि खरंच काढलं. "पण बाकीच्या पेजवर पण आहे न सर ते."

"किती पेज आहेत?"

"चाळीसेक असतील. काही तर नागपूरचे पण नाहीत."

भाऊंनी पेनाचं टोपण काढलं. "सांग नावं. पत्ते पण सांग."

"सर," पोरगा चाचरत म्हणाला, "पत्ते नसतात त्यांना."

भाऊंनी पेन तसंच धरून ठेवलं. 'नाव' असं छापलेल्या रकान्याखाली त्यांनी काहीतरी एक लिहिलं होतं, आणि 'पत्ता' रिकामा. ते पान मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा रिकामं पाहिलं.

परतताना बडकस चौकात चहाला थांबलो. बराच वेळ भाऊ काही बोलले नाहीत. मग एकदम म्हणाले, "आपल्याले हे नवीन आहे काय जी? आपण मारबतवाले लोक." ते म्हणतात त्यात तथ्य आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी या गल्ल्यांतून काळी आणि पिवळी मारबत निघते, काळी १८८१पासून, पिवळी १८८५पासून. काळी तर भोसल्यांच्या घरातल्या बाकाबाईंनी इंग्रजांशी हातमिळवणी केली त्या रागातून निघाली, असं सांगतात. आणि सोबत बडगे: महागाईचा, भ्रष्टाचाराचा, त्या वर्षी ज्याच्यावर गावाचा राग त्याचा. इडापीडा घेऊन जा म्हणून ओरडत हजारो लोक मागे धावतात. अख्ख्या शहरानं एखाद्याची फजिती करायची आमची ही तऱ्हा सव्वाशे वर्षांहून जुनी आहे, इंटरनेट बिचारं कालचं.

"साहेबायचा बडग्या निघाला असता न," भाऊ बशीत चहा ओतत म्हणाले, "तर मी स्वतः बँड ठरवला असता. सकाळी निघते, मिरवते, मग जाळून टाकतात. दुसऱ्या दिवशी ज्याचा बडग्या तोही बाजारात संत्री घेऊन राहिला असते. याले जाळायचं कुठं, सांगा?"

मला सांगता आलं नाही. मी चहाचे पैसे दिले. त्यांनी देऊ दिले, आणि हेही पहिल्यांदाच झालं.

पुढचा आठवडा भाऊ दिसले नाहीत. मला वाटलं, नोकरी गेली. नवव्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला ते दारात उभे. कलप ताजा, फोल्डर काखेत, हसू जागेवर. मी खुर्ची दिली. त्यांनी हलक्या आवाजात सांगितलं ते असं: साहेब रविवारी एका लग्नाला गेले होते. स्टेजकडे जाताना पंधरा-वीस पोरापोरींनी गराडा घातला, सेल्फी काढल्या, आणि सगळ्यांनी एकसुरात ते वाक्य म्हटलं. नवरदेवही उठून आला. एवढी गर्दी साहेबांभोवती निवडणुकीतही झाली नव्हती. सोमवारी सकाळी त्यांनी भाऊंना बोलावलं आणि विचारलं, "सगळं ठीक, पण याचं कात्रण कुठाय?"

"मोबाइलवर लाखो लोकायनं पाहिलं म्हटलं, तर म्हणे, ते मोबाइलमधलं जाऊ द्या. फाइलला काय लावायचं?" भाऊंनी फोल्डर उघडलं आणि प्रेसनोट माझ्या हातात दिली. हातात, पेटीत नाही. मथळा होता, 'संस्थाध्यक्षांचा तरुणाईशी दिलखुलास संवाद संपन्न'. खाली रंगीत फोटो, कुर्ता धुतलेला.

"दोन कॉलम द्या, भाऊ. पान तीनला चालेल."

मी वाचली. पोहे होते, तर्री होती, तरुणाई होती. "आणि ते तेल लावत?"

"ते मी घातलं आहे न जी, शेवटच्या परिच्छेदात पाहा," पीआरभाऊ म्हणाले आणि पेनानं ओळ दाखवली. "'सद्यःस्थितीतील शिक्षणाबद्दल त्यांनी आपले परखड मत व्यक्त केले.' फक्त या खेपेला संपन्न कापू नका."