बंड्याची कमान

(नाशिकचं इंदिरानगर. दोन बंगल्यांमध्ये छातीएवढी भिंत. अलीकडे बँकेतून निवृत्त झालेल्या काकू, पलीकडे सुमन. वेळ सकाळची, कपडे वाळत घालायची.)

"काकू, थोडा कढीपत्ता तोडू का? आणि ऐकलंत का, आमच्या बंड्याने मशीन आणलं."

"तोड की. पण मशीन कसलं गं? परवा रिक्षातून पाथर्डी फाट्यावरनं येताना त्याच्या वॉशिंग सेंटरपुढे भलीमोठी कमान दिसली. मला वाटलं, सिंहस्थाची स्वागतकमान आत्तापासूनच उभी करतायत."

"सिंहस्थासाठीच म्हणा ना. २०२७ ची स्नानं ऐन पावसाळ्यात, गाड्या येणार चिखलाने माखून. त्या धुवायला पोरं कुठून आणायची? एक अंबडच्या कंपनीत चिकटला. एक द्राक्षं सुरू झाली की बागेत पळतो. दोघं छठपूजेला गावी गेले, ते होळी खेळूनच उगवले. बंड्या वैतागला बिचारा."

"म्हणून कमान?"

"गाडी आत शिरली की तिचा डोळा ओळखतो. आधी दोन्ही बाजूंनी आणि खालून पाण्याचा मारा, मग फोम. पूर्वी एवढ्यालाच तीन पोरं लागायची. एक प्रेशर मारणारा, एक फोम मारणारा, एक मडगार्डच्या आत ब्रश घालणारा. बंड्या त्याला 'प्रेप' म्हणतो. गाडीला फडकं लागायच्या आधीची सगळी तयारी."

"इतकी तयारी कशाला? सरळ फडकं मारून मोकळं व्हावं."

"अहो, वाळूचा कण राहिला तर तोच फडक्याखाली फरफटतो. काळ्या गाडीवर मग उन्हात गोल गोल चरे दिसतात आणि गिऱ्हाईक येतं भांडायला. धुण्याचं शास्त्र असतं म्हणे. झिनर नावाच्या कुणा जर्मन माणसाने १९५९ च्या सुमाराला मांडलेलं. रसायन, घासणं, उष्णता आणि वेळ, या चार गोष्टींनी मळ निघतो. एक कमी केली की बाकीच्या वाढवायच्या."

"म्हणजे पायपुसणं रात्री भिजत घातलं की सकाळी कमी धोपटावं लागतं, तसंच ना?"

"तेच. कमान काही पोरासारखी घासत नाही. मग फोम चांगल्यापैकी लागतो, आणि तो अंगावर मुरूही द्यावा लागतो. उन्हात मात्र नाही, वाळला की डाग धरतो. म्हणून बंड्याने वर पत्र्याची शेड घातली."

"आमच्या मुलीकडे न्यू जर्सीत, एडिसनला मी हे पाहिलंय. तिकडे गाडी पट्ट्यावर चढते आणि बोगद्यातून धुऊन बाहेर पडते. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकतात, ते खालून पत्रा खातं, त्यामुळे लोकांना धुवावीच लागते. मी गेले तेव्हा बोगद्याच्या तोंडाशी दोन पोरं ब्रश घेऊन कुडकुडत उभी असायची. आता तिथेही कमानी आल्या म्हणते ती. न्यू जर्सीत किमान वेतन २०२४ पासून तासाला १५ डॉलरच्या वर गेलं. कोण ठेवतंय पोरं!"

"आणि माझा भाचा लंडनजवळ राहतो, तो सांगतो तिकडे गंगा उलटी वाहिली. पेट्रोलपंपावरची ब्रशची मशीनं कमी झाली, आणि बाहेरच्या देशांतून आलेली माणसं बादली-स्पंज घेऊन गाड्या धुवायला लागली. मशीनपेक्षा माणूस स्वस्त! २०१८ मध्ये त्यांच्या संसदेच्या समितीला अहवाल काढावा लागला, या लोकांची पिळवणूक होते म्हणून."

"बघ, मशीन किती हुशार आहे याला कोण विचारतंय? शेजारी माणूस किती स्वस्तात राबायला तयार आहे, त्यावर सगळं ठरतं. बरं, कर्ज किती काढलंय?"

"काकू, कुणाला बोलू नका हं. बारा लाख. पाच वर्षांसाठी, १२ टक्क्यांनी."

"म्हणजे हप्ता महिन्याला साधारण २६,७००. पोरांना किती देत होता?"

"पंधरा-पंधरा हजार. तिघांतले दोघं कमी केले."

"वाचले ३०,०००. हप्ता जाता उरले ३,३००. त्यात फोम, वीज, नोझल तुंबलं की मेकॅनिक."

"अजून एक राहिलं. पहिल्याच दिवशी काय झालं माहितीय? समोरच्या बिल्डिंगमधले ते साहेब नाहीत का, पांढऱ्या गाडीवाले? त्यांची मागची काच चार बोटं उघडी राहिलेली. कमानीच्या डोळ्याला गाडी आली एवढंच कळतं, काच कुठली दिसायला! सीटवर फेसच फेस. दुपारी एक बाई नवी कोरी गाडी घेऊन आल्या. पाण्याच्या माऱ्याने त्यांच्या लिंबू-मिरचीच्या चिंध्या झाल्या. त्यांनी शकुन-अपशकुनावर अर्धा तास ऐकवलं."

"मग?"

"मग जो एक पोरगा ठेवला होता, त्याला कमानीच्या तोंडाशीच उभा केला. काचा बघायच्या, लिंबू-मिरची सोडवायची, आरसे मिटायचे, कॅरिअरवर काही बांधलंय का ते पाहायचं, आणि कमानीचं पाणी पोचत नाही तिथला चाकाआतला चिखल ब्रशने काढायचा. पोरगा चलाख आहे, जाऊ नये म्हणून दोन हजार वाढवून दिले."

"घ्या! म्हणजे उरले १,३००. त्यात फोमचा कॅन तरी येतो का?"

"बंड्या म्हणतो, गाड्या वाढतील. रविवारी रांग बघून लोक परत जातात, आता जाणार नाहीत."

"दसऱ्याच्या आदल्या दिवशी खरंच जाणार नाहीत. पण पावसाची झड लागली की कोण गाडी धुतंय? आणि हप्ता आषाढातही येतो. पाण्याचं काय केलंय?"

"जमिनीत टाकी बांधलीय. गाळ खाली बसतो, तेल वेगळं काढतात, वरचं पाणी पहिल्या माऱ्याला परत वापरतात. शेवटचं धुणं मात्र चांगल्या पाण्याचं. बोअरचं जड पाणी वाळलं की पांढरे ठिपके पडतात, म्हणून ते मऊ करायचं यंत्रही घेतलं."

"हे एक शहाणपणाचं केलं. बंगळुरात २०२४ च्या मार्चमध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्याला पाच हजारांचा दंड लावला होता. आपल्याकडेही उन्हाळ्यात काही सांगता येत नाही. आणि ती काढलेली दोन पोरं कुठे आहेत?"

"एक गेला सातपूरला, कंपनीत. दुसरा फिरकतो अधूनमधून, काम आहे का विचारत."

"त्याला परत घे म्हणावं, पण आतल्या सफाईवर. व्हॅक्यूम, सीटचे डाग, डॅशबोर्ड. त्याचे लोक वेगळे पैसे देतात की नाही? चिखल उडवायचे कुणी वेगळे देत नाही."

"देतात हो. आतल्या सफाईला माणूस नाही म्हणून बंड्याच नको म्हणतो गिऱ्हाइकांना."

"मग सांग त्याला माझं नाव घेऊन. पगार वाचवायला कमान आणली असशील तर हप्त्यात बुडशील. हात मोकळे करायला आणली असशील तर त्या हातांना पैसे देणारं काम दे, तरशील. भिजवायचं काम कमानीचं, बघायचं माणसाचं, आणि बघणाऱ्याचा पगार कापायचा नाही. आणि हो, हप्त्याची तारीख चुकवू नको म्हणावं. बँकेत पस्तीस वर्षं काढलीत मी. एक हप्ता चुकला की दंड लागतो, आणि पाऊस होता हे कारण तिथे कुणी लिहून घेत नाही."