बिअरचा चक्का

मेलबर्नला भाच्याकडे गेलो, तर गॅरेजमध्ये लग्नाच्या पंगतीचं वाटावं असं पातेलं. "मामा, घरी बिअर करतोय. तीन भांड्यांची भानगड नाही, एक पातेलं, एक पिशवी. इथल्याच हौशी लोकांनी रूढ केलेली पद्धत, एकदम सुटसुटीत!" सुटसुटीतपणा बघायला मी स्टूल ओढून बसलो.

हवी होती 20 लिटर बिअर. त्यासाठी पाणी 30 लिटर. 5 किलो माल्टचं धान्य चारेक लिटर पिऊन टाकतं, तासाभराच्या उकळीत चारेक लिटर वाफ होऊन जातं, उरलेलं तळाच्या गाळात. म्हणजे यजमानाच्या आधी दहा लिटर पाहुण्यांनीच संपवलं. शिवाय धान्य पाण्यात फतकल मारतं, ती जागा तीनेक लिटरची. म्हणून पातेलं 40 लिटरचं. आधी हौसेनं आणलेल्या 30 लिटरवाल्यात आता कांदे-बटाटे असतात.

पिशवीतलं धान्य 66 अंशांवर तासभर भिजवून झालं आणि पिशवी वर काढायची वेळ आली. नऊ किलोंचा वाफाळता, गळका ऐवज! आमची आजी पंच्यात दही बांधून रात्रभर खुंटीला टांगायची. ह्यानं त्यासाठी छताला कप्पी बसवून घेतली. पातेलं, शेगडी, थर्मामीटर, कप्पी... स्वस्त काय ती पिशवीच.

महिन्याभरानं बिअर तयार झाली. बरी होती. पिशवी मात्र फर्मास. येताना तशीच एक कोरी मागून आणली. यंदाचं श्रीखंड तिच्यातलंच.