जु.वा.किं.अं.

माझं झेरॉक्सचं दुकान पोलीस ठाण्याच्या अगदी समोर आहे. जागा घेताना हिशेब साधा होता. फिर्यादीची प्रत, रेशन कार्डाची प्रत, जामीनदाराच्या सातबाऱ्याची प्रत, गिऱ्हाईक काही तुटायचं नाही. हिशेब चुकला नाही. फक्त त्यात पंचगिरी धरायची राहिली.

झडतीच्या वेळी त्या भागातले दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवावेत, असं कायदा सांगतो. 'त्या भागातले' म्हणजे ठाण्याच्या फाटकातून हाक मारली तर ऐकू येईल तिथले, असा अर्थ आमच्या जमादारांनी लावला. स्वतंत्र म्हणजे गल्ला उघडा टाकून येऊ शकणारा आणि प्रतिष्ठित म्हणजे सही करता येणारा. (हा शब्द मी घरी वाचून दाखवला तेव्हा बायको बराच वेळ हसत होती.) दुसरा पंच शेजारचा पानठेलेवाला. गेल्या अठरा वर्षांत तालुक्यात जे जे काही मिळून आलं, ते आम्हा दोघांसमक्ष मिळून आलं, असं कागद म्हणतो.

"भाऊ, या ना जरा. दोन मिनिटाचं काम हाये."

जमादारांची दोन मिनिटं सकाळी अकराला सुरू झाली की दिवेलागणीला संपत. आमच्याकडे, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यात, हवालदाराला जमादार म्हणतात आणि ठाण्याच्या मोठ्या साहेबांना ठाणेदार. ठाणेदार दोन-तीन वर्षांनी बदलत. जमादारही मधून मधून बदलून जात, पण मुलीचं शिक्षण, आईचं आजारपण, स्वतःची पाठ असं काही ना काही कारण काढून परत इथेच येत. पट्टा पोटाच्या खालून जायचा. टोपी डोक्यावर क्वचितच, एरवी ती हातात उलटी धरलेली आणि तिच्यात मोसमाप्रमाणे बोरं किंवा सीताफळं. खिशाला मात्र पेन कधी नाही. पंचनामा लिहायला माझा घेत आणि लिहून झालं की तो त्यांच्या खिशाला जाई. माझ्याकडून जमादारांनी जेवढे पेन जप्त केले तेवढी जप्ती तालुक्यात दुसऱ्या कुणाकडूनही झाली नसेल, आणि तिचा पंचनामा नाही.

पंचनामा हा त्यांचा खरा प्रांत. चोराच्या मागे पळणं त्यांना जमत नसे. चोर गेल्यावर तो कोणत्या दिशेने गेला हे लिहिणं जमे. 'सदर इसम आमची चाहूल लागताच अंधाराचा फायदा घेऊन पळून गेला' हे वाक्य त्यांच्या हातातून असं उतरे की पळणाऱ्यापेक्षा अंधाराचाच गुन्हा मोठा वाटावा. वस्तू लिहिली की मागे 'जु.वा.किं.अं.' आलंच. जुनी वापरती किंमत अंदाजे. सायकल असो, पितळी घंगाळ असो, मयताच्या पायातली चप्पल असो, जमादार तिच्याकडे डोळे बारीक करून बघत आणि जगात कुणी देणार नाही असा आकडा लिहीत. सोनं दिसलं तरी सोनं लिहायचं नाही, कारण आपण सोनार नाही. 'पिवळ्या धातूची' लिहायचं. पुढे ती पितळेची निघाली तर आपण मोकळे. ही सवय इतकी हाडात गेली की मेहुणीच्या साक्षगंधात व्याह्यांनी बांगड्या पुढे केल्या तेव्हा जमादार भर मांडवात म्हणाले, "हाव, पिवळ्या धातूच्या हायेत." सोयरीक मोडता मोडता राहिली. सोनार बोलवावा लागला.

आता कोंबड्याचं सांगतो.

धान कापून झालं की आमच्या भागात जंगलाच्या कडेला कोंबडबाजार भरतात. कोंबड्याच्या पायाला काती बांधायची, झुंज लावायची, पैसे लावायचे. बेकायदेशीर आहे, म्हणून गर्दी असते. एका दुपारी धाड पडली. पाच आरोपी, तीन मोटारसायकली, काही रोकड आणि चार जिवंत कोंबडे. आम्ही दोन्ही पंच जीपमध्ये मागे बसून गेलो होतो. येताना मांडीवर एकेक कोंबडा. पंचनाम्यात तिसऱ्या क्रमांकाला होता 'तांबड्या रंगाचा, मानेवर काळी पिसे असलेला, उजव्या पायास जखम'. जु.वा.किं.अं. लिहिताना जमादार क्षणभर थांबले. वापरता कोंबडा कसा लिहावा? मग लिहिलाच. झुंजीत वापरला होता ना!

कोंबडे ठाण्यामागच्या कडुनिंबाला बांधले. रात्रपाळीला जागं राहून वेळेवर हाळी देणारे ठाण्यात तेव्हा तेच काय ते होते. पहाटे तीनला तांबडा आरवला की ठाणे अंमलदार दचकून उठे आणि स्टेशन डायरीत 'सर्वत्र शांतता' लिहून पुन्हा झोपे. तीन रात्री झाल्या. चौथ्या दिवशी रविवार होता. दुपारी जमादार स्वतः डबा घेऊन दुकानात आले. "घरचं हाये भाऊ. वहिनीनं पाठवलं." रस्सा असा झाला होता की मी बायकोलाही विचारलं नाही. हाड चोखून ठेवलं तेव्हा ते उजव्या पायाचं आहे का, हे बघायचं सुचलं नाही.

मंगळवारी कळलं. न्यायालयाने लिलावाची परवानगी द्यायच्या आधी चारही कोंबडे समोर आणायला सांगितले होते. जमादार सकाळीच बाजाराला जाऊन आले होते. टोपलीतून चार कोंबडे निघाले. तिसरा पांढराशुभ्र.

न्यायाधीशांनी पंचनामा वाचला, कोंबडा बघितला, पुन्हा पंचनामा वाचला.

"जमादार, इथे तांबडा लिहिलंय."

"साहेब, पंचनामा बॅटरीच्या उजेडात केला."

"वेळ दुपारी दोन वाजून दहा मिनिटं आहे."

जमादार डगमगले नाहीत. "साहेब, झाडीपट्टी आहे."

कोर्टात कुणीतरी खोकलं. साहेबांनी चष्मा काढला आणि पंच म्हणून माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. पुरावा माझ्या पोटातून जाऊन दोन दिवस झाले होते. जप्त माल पंधरा दिवस ते महिन्याच्या वर ठाण्यात ठेवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच बजावलंय, ते तुम्ही वाचलं नाही का, असं त्यांनी जमादारांना विचारलं. वकिलांच्या खोलीत नंतर कळलं की तो खटला गुजरातचा, आणि तोही पोलिसांवरचाच. ठाण्यात ठेवलेल्या किमती मालाच्या जागी नकली माल ठेवल्याचा आरोप. चहा पिताना मी हे जमादारांना सांगितलं. ते मनापासून दुखावले.

"आपण नकली कुठं ठेवला भाऊ? कोंबडा खराच होता."

यात जमादार थट्टा करत नव्हते. कागदात चार कोंबडे आहेत, कोर्टात चार कोंबडे गेले, कमी-जास्त काही नाही. पिसांचा रंग हा त्यांच्या लेखी किरकोळ तपशील होता. पैसे खाणारे पोलीस मी बघितलेत; त्यांच्याबद्दल लिहायचं तर शाई वेगळी लागेल. जमादार त्यातले नव्हते. ते जे खात ते शिजवून खात, आणि वाटून.

२०१५ च्या एप्रिलमध्ये आमच्या जिल्ह्यात दारूबंदी झाली. शेजारच्या गडचिरोलीत ती १९९३ पासूनच होती. मग सहा वर्षं, बंदी उठेपर्यंत, जमादारांचा मालखाना देशीच्या खोक्यांनी असा भरला की त्यांची स्वतःची खुर्ची व्हरांड्यात आली. माल नष्ट करायचा हुकूम आला की मैदानात बाटल्या पसरून त्यांच्यावर रोड रोलर फिरवत. बघायला गाव लोटे, आणि वास घ्यायला त्याहून जास्त. मोजणी आम्हा पंचांसमक्ष. एकदा निपा, म्हणजे छोट्या बाटल्या, कमी भरल्या. काही निपांची बुचं शाबूत, सील शाबूत आणि आत दारू अर्धी. मी जमादारांकडे बघितलं. त्यांनी शांतपणे लिहिलं: 'उन्हाळ्यामुळे बाष्पीभवन'.

याचा त्यांना अभिमान होता. बिहारमध्ये २०१७ साली जप्त केलेली लाखो लिटर दारू उंदरांनी प्यायल्याचं पोलिसांनी सांगितलं, ते पेपरात आलं होतं. पुढे २०२२ मध्ये मथुरेच्या पोलिसांनी तर ५८१ किलो गांजा उंदरांनी खाल्ल्याचं कोर्टात सांगितलं. जमादारांनी दोन्ही बातम्यांवर मान हलवली. "मुक्या जनावरावर कायले ढकलायचं?" ऊन कुणाचं नसतं, हे त्यांचं म्हणणं. उत्तर प्रदेशातल्या संभलला २०१८ मध्ये चकमकीत पिस्तूल अडकलं म्हणून एका फौजदाराने तोंडानेच 'ठाँय ठाँय' आवाज काढला, तो व्हिडिओ मात्र त्यांनी माझ्या मोबाइलवर चार वेळा बघितला. हसले नाहीत. कारागिराने कारागिराचं काम बघावं तसं बघत होते. शेवटी म्हणाले, "व्हिडिओ काढणाऱ्यानं घात केला बा त्याचा. कागदात फायरच राहिला असता."

बेडीची गोष्ट थोडक्यात. जिल्ह्याच्या तुरुंगात आरोपी पोचवायचा होता. जमादारांनी बेडीचं एक कडं त्याच्या हातात, दुसरं स्वतःच्या हातात अडकवलं आणि किल्ली घरी देव्हाऱ्यात राहिल्याचं नंतर आठवलं. दोघं जोडीने माझ्या दुकानात वॉरंटची झेरॉक्स काढायला आले. जमादार सही करू लागले तसा आरोपीचा हातही कागदावरून फिरला; त्या सहीत 'ज' कुणाचा आणि 'म' कुणाचा, ते आजही सांगता येणार नाही. किल्लीसाठी दोघं घरी गेले. वहिनींनी दोघांनाही वाढलं. आरोपी डावखुरा निघाला म्हणून दोघांनाही एकाच वेळी जेवता आलं.

मग १ जुलै २०२४ आला, आणि त्याच्यासोबत नवे फौजदारी कायदे. तीनशे दोन, तीनशे एकोणऐंशी, चारशे वीस ही कलमं जमादारांना पोरांच्या वाढदिवसांपेक्षा पाठ. एका रात्रीत तीनशे दोनचं एकशे तीन झालं, चारशे वीसचं तीनशे अठरा. "आता भामट्याले काय तीनशे अठरा म्हणू?" ते विचारत. तेही त्यांनी पचवलं असतं. पण नव्या कायद्यात झडती-जप्तीचं चित्रीकरण करणं आलं, मोबाइलवर, आवाजासकट. जमादारांना खात्याच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथून ते एक वही भरून टिपणं घेऊन आले, आणि पेन दुसऱ्याचा.

पहिलाच प्रसंग रेतीच्या ट्रॅक्टरचा. नदीच्या घाटावर आम्ही दोन पंच उभे, ट्रॅक्टरचालक उभा, आणि जमादार मोबाइल डोळ्यांपुढे धरून खणखणीत आवाजात सांगताहेत: "सदर ट्रॅक्टर... विनाक्रमांकाची ट्रॉली... अंदाजे एक ब्रास रेती." अकरा मिनिटं. संध्याकाळी ठाणेदारांनी ते लावलं. कॅमेरा सेल्फीवर होता. अकरा मिनिटं पडद्यावर जमादारांचं तोंड, नाकातले केस आणि मागे थोडं आभाळ. ट्रॅक्टर कुठेच नाही. चौथ्या मिनिटाला उजवीकडून एक हात येतो, त्यात घोटलेल्या खर्ऱ्याची पन्नी. जमादार चिमूट घेतात, गालात ठेवतात, आणि पुढचा सगळा पंचनामा एका गालाने सांगतात. सातव्या मिनिटाला माझा आवाज आहे: "झालं का हो?"

ठाणेदारांनी विचारलं, "हा हात कुणाचा?"

"ड्रायव्हरचा, साहेब."

"म्हणजे आरोपीचा?"

"त्या वेळेस जप्ती व्हायची होती, साहेब."

अठरा वर्षांच्या पंचनाम्यांत खोली असे, खोलीच्या भिंती, दाराची दिशा, आरोपीची बनियन, आमच्या सह्या. लिहिणारा जमादार तेवढा कुठे नसे. पहिल्याच चित्रीकरणात तो एकटाच सापडला. चौकशी झाली, एक वेतनवाढ वर्षभरासाठी रोखली. जमादारांना त्याचं फारसं वाटलं नाही. ट्रॅक्टर दिसला नाही याचं वाटलं. "लिहिला असता तर दिसला असता," एवढंच म्हणाले.

गेल्या महिन्यात ते अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. शाल, नारळ, भाषणं झाली. संध्याकाळी ते साध्या सदऱ्यात, टोपीशिवाय, माझ्या दुकानात आले. हातात प्लास्टिकची पिशवी. तिच्यात पेन. निळे, काळे, एक हिरवा, बुचांवर माझ्या दुकानाचं नाव. वर दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी: 'एकूण ६३ नग, जु.वा.किं.अं. निरंक. मूळ मालकाच्या ताब्यात दिले.' खाली माझ्या सहीची जागा आखलेली.

मी सही करायला त्यातला एक उचलला. उमटेना. दुसरा घेतला, तिसरा घेतला. त्रेसष्टांपैकी एकही चालत नव्हता. शेवटी गल्ल्यातला नवा काढून सही केली. जमादारांनी चिठ्ठीची घडी घातली, मला नमस्कार केला आणि निघाले.

नवा पेन त्यांच्या सदऱ्याच्या खिशाला होता.