लग्नघरातील ब्रशवाली ताई

महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गीय विवाहसोहळ्यात गुरुजी, आचारी आणि फोटोग्राफर या तीन मान्यताप्राप्त अधिकाऱ्यांच्या जोडीला अलीकडे आणखी एक अधिकारपद निर्माण झाले असून, त्यावर वधूची मावसबहीण, आतेबहीण किंवा क्वचित तरुण मामी यांपैकी कोणीतरी बिनविरोध आरूढ झालेली आढळते. ही व्यक्ती व्यावसायिक सौंदर्यप्रसाधक नसते. तशी बाई वधूसाठी आगाऊ रक्कम देऊन वेगळी ठरवलेली असते. वधू सोडून उरलेल्या समस्त स्त्रीवर्गाचे चेहरे मात्र या ताईच्या अखत्यारीत येतात, आणि त्या अखत्यारीची निशाणी म्हणजे तिच्या पिशवीतून निघणारी, फीत सोडताच कार्यालयाच्या गादीवर हातभर पसरणारी कप्पेदार गुंडाळी, जिच्या प्रत्येक कप्प्यातून एकेक ब्रश डोके वर काढून असतो.

चेहरा रंगांनी नव्हे तर ब्रशांनी घडतो, हा ताईचा मूलभूत सिद्धान्त होय. ब्रशाचे तीन भाग असतात: रंग उचलणारा केसांचा झुपका, हातात धरावयाचा दांडा, आणि या दोहोंना जखडून ठेवणारी धातूची नळी, जिला फेरूल म्हणतात. सामान्य स्त्री ब्रश घेताना झुपक्याचा मऊपणा पाहते, तर ताई आधी फेरूल हलवून पाहते, कारण जी नळी दुकानातच डुगडुगते तिच्यातला डिंक पहिल्या धुण्यात सुटणार हे तिला ठाऊक असते. केसांच्या बाबतीत तिचे ज्ञान प्राणिशास्त्राच्या सीमेवर पोहोचलेले असते. बकरी, खार, घोडा आणि सायबेरियाकडील कोलिन्स्की नावाचा मुंगसासारखा दिसणारा प्राणी, यांच्या केसांवर सूक्ष्म खवले असतात, त्यांत कोरडी पूड अडकते आणि त्वचेवर थोडीथोडी सुटते. उलट नायलॉनसारखा कृत्रिम तंतू गुळगुळीत असल्याने द्रव पीत नाही, म्हणून फाउंडेशन हा त्वचेच्या रंगाचा पातळ लेप आणि कन्सीलर हा डाग झाकणारा दाट लेप, या दोहोंसाठी तो योग्य ठरतो. आता चांगले कृत्रिम तंतू दोन्ही कामे नीट करू लागले आहेत, हे ताईला माहीत नसते असे नाही; परंतु ते मान्य केल्यास गुंडाळीतील निम्मे ब्रश अनावश्यक ठरतात, म्हणून ती या प्रगतीची दखल घेत नाही.

तिचे काशी-रामेश्वर म्हणजे जपानच्या हिरोशिमा प्रांतातील कुमानो हे गाव, जिथे मूळचा सुलेखनाच्या ब्रशांचा धंदा पुढे प्रसाधनाच्या ब्रशांकडे वळला आणि जिथले कारागीर झुपक्याला आकार देण्यासाठी केसांची टोके छाटत नाहीत, तर केस साच्यात रचून नैसर्गिक निमुळते टोक शाबूत ठेवतात. 2011 साली विश्वचषक जिंकणाऱ्या जपानी महिला फुटबॉल संघाला राष्ट्रीय सन्मानाबरोबर कुमानोचेच मेकअप ब्रश भेट मिळाले, ही माहिती ती लग्नघरात किमान एकदा देते, आणि ती ऐकणाऱ्या काकूंना फुटबॉल व गालावरची लाली यांचा संबंध शेवटपर्यंत उमगत नाही. प्रत्यक्ष खरेदी अर्थात पुण्यातील तुळशीबागेत होते. तेथे ती ब्रश मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवते, झुपका दाबून तो किती लवकर उभा राहतो हे पाहते, आणि केस गळतात का हे पाहण्यासाठी तो असा ओढते की दुकानदार नजर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळवतो. चोवीस ब्रशांचा संच स्वस्तात मिळत असताना पाच सुटे ब्रश महाग दराने घेणे हेच शहाणपण, असे ती बरोबर आलेल्या भावजयीला पटवते, आणि ते खरेही आहे. पुढच्या महिन्यात ती चोवीसांचा संचही घेते, ही बाब वेगळी.

मुहूर्ताच्या दिवशी पहाटेपासून खोलीत रांग लागते. ज्येष्ठ काकूंची मागणी ठरलेली असते: “मला फक्त पावडर लाव गं, बाकी काही नको.” या ‘फक्त’ शब्दाला ताईच्या शास्त्रात स्थान नाही. दाट केसांचा ब्रश रंग जास्त बसवतो आणि विरळ केसांचा ब्रश तो पसरवतो, या नियमानुसार ती प्रथम काबुकी घेते, म्हणजे आखूड दांड्याचा, भरगच्च डोक्याचा तो ब्रश ज्याचे नाव जपानी नाट्यप्रकारावरून आले आहे. मग काळ्या केसांत पांढरी लांब टोके मिसळलेला दुरंगी ब्रश घेते, जो ओढायचा नसून टोकांनी ठिपके देत टेकवायचा असतो. आणि शेवटी लालीसाठीचा तिरका ब्रश उचलून “काकू, हसा” अशी आज्ञा करते. काकू हसतात, वर आलेल्या गालावर लाली बसते, काकू हसणे थांबवतात आणि लाली गालाबरोबर बोटभर खाली उतरते. त्यानंतर काकूंनी दिवसभर हसत राहावे अशी ताईची अपेक्षा असते, जी आहेराची पाकिटे मोजताना टिकत नाही.

खरे पांडित्य डोळ्यांपाशी प्रकट होते. पापणीची जागा अंगठ्याच्या नखाहून फार मोठी नसते, तरीही तिच्यासाठी निदान चार ब्रश लागतात: पापणीवर रंग थापण्यासाठी चपटा आणि घट्ट, घडीत सावली भरण्यासाठी निमुळता आणि फुगीर, खालच्या पापणीच्या केसांलगत चालवण्यासाठी पेन्सिलीच्या टोकाचा, आणि काजळरेषेसाठी तिरका व कागदासारखा पातळ. यांतील दुसरा ब्रश ताईचा जीव की प्राण असतो, कारण ब्लेंडिंग, म्हणजे दोन रंगांची सीमारेषा ती होती की नव्हती असा संशय यावा इतकी मिटवणे, त्यानेच साधते. दांडा जितका टोकाकडे धरावा तितका दाब हलका पडतो, हे तत्त्व ती प्रत्येक करवलीला शिकवते. जास्तीची पूड फुंकरीने उडवणाऱ्या मुलीला मात्र ती पुन्हा ब्रशाला हात लावू देत नाही. गडद पूड गालावर सांडते, म्हणून डोळे आधी आणि फाउंडेशन नंतर, असा क्रम ती पाळते. क्रम शास्त्रशुद्ध आहे, पण त्याचा परिणाम असा होतो की वधूची आई पाऊण तास नाट्यगृहातले डोळे आणि घरातला चेहरा घेऊन वावरते, आणि नेमक्या त्याच अवस्थेत विहीणबाई भेटीला येतात.

वधूसाठी ठरवलेल्या व्यावसायिक बाईंशी ताईचे संबंध सौजन्यपूर्ण आणि थंड असतात. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत स्त्रियांना केशभूषाकार म्हणून काम मिळे, पण रंगभूषाकाराचे ओळखपत्र मिळत नसे, आणि हा नियम 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला, हा इतिहास ताईला तोंडपाठ असतो. स्वतःच्या हौशी कारकिर्दीलाही त्या निकालाने संरक्षण दिले आहे असे तिच्या एकंदर आविर्भावावरून वाटते. बाई तीन ब्रशांत आणि एका ओल्या स्पंजात वधू तयार करतात. हे ताईला दारातून दिसते. ती त्यावर भाष्य करत नाही, फक्त गुंडाळी जराशी आवरून घेते. पुढे सभागृहाच्या दाराशी यजमानांच्याच मुली हळदीकुंकू लावतात आणि गुलाबदाणीतून शिंतोडे उडवतात, तेव्हा नीट बसवलेल्या कोरड्या पुडीवर जे ठिपके उमटतात त्यांवर गुंडाळीतील एकाही ब्रशाचा इलाज चालत नाही. गुलाबदाणी धरणाऱ्या मुलीला ताईनेच सजवलेले असल्याने तिला रागावताही येत नाही.

त्वचारोगतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेच्या सल्ल्यानुसार ब्रश दर सात ते दहा दिवसांनी धुवावेत. ताई हा सल्ला सर्वांना देते आणि स्वतः लग्नाचा हंगाम संपल्यावर पाळते. कोमट पाणी, सौम्य शांपू, फेरूलच्या आत पाणी जाऊ न देण्याची दक्षता, आणि मग केस खाली येतील असे टांगणे, हा विधी गॅलरीतल्या कपड्यांच्या दोऱ्यावर पार पडतो आणि त्या दिवशी घरातील टॉवेल वाळत नाहीत. अशा वेळी सासूबाईंचे लक्ष पंख्यासारख्या पसरट ब्रशाकडे जाते, ज्याचा उपयोग सांडलेली पूड झटकण्याचा असून जो ताईने कधीच वापरलेला नसतो. तो देवघरात पोहोचतो आणि बाळकृष्णाच्या रांगत्या गुडघ्याखाली वाळलेले गंध काढण्यात इतका पटाईत ठरतो की नित्यपूजेच्या साहित्यात त्याची भर पडते. ताईने तो परत मागताच सासूबाई हे केस कसले, असे विचारतात. प्रश्न धर्मसंकटाचा असतो, कारण बकरीचे म्हटले तर ब्रश तत्काळ परत मिळेल, पण देव पुन्हा पंचामृताने धुवावे लागतील आणि उरलेल्या गुंडाळीचीही चौकशी होईल. ताई थोडा विचार करून नायलॉनचे आहेत असे सांगते, जे योगायोगाने खरे असते, आणि ब्रश देवघरातच राहतो.