तरुणाईचा आवाज, दहा बाय सहा

पर्यावरण दिनाच्या युवा परिषदेत यंदा तरुणांवर मोठी जबाबदारी टाकण्यात आली. त्यांनी फ्लेक्स धरला.

फ्लेक्स दहा बाय सहाचा. वर ‘वसुंधरेसाठी तरुणाईचा आवाज’, खाली सतरा फोटो. त्यातल्या सर्वांत कोवळ्या चेहऱ्याला नातवंडं आहेत आणि नावाआधी ‘युवा नेते’ आहे. बांबू ठोकायचे मंडपवाला जादा पैसे मागत होता, म्हणून दोन्ही टोकांना कॉलेजची पोरं उभी केली. ती फ्लेक्सच्या मागे. त्यामुळे सभेला तरुणाईचा आवाज पूर्ण दिसला आणि तरुणाईचे फक्त बूट. वारा आला की अध्यक्ष भाषण थांबवून ओरडायचे, “पोरांनो, ताठ धरा!” पोरांनी तीन तास ताठ धरला. जूनच्या उन्हात.

शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. हे संयोजकांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, “आपला जाड आहे.” म्हणजे प्लास्टिक वाढवलं की कायदा पाळला जातो! आता हा जाड फ्लेक्स पावसाळ्यात कुणाच्या तरी शेळ्यांच्या गोठ्यावर चढेल आणि सतराही मान्यवर चार महिने पाऊस झेलतील. हवामान बदलाशी जुळवून घेण्याचं त्यांच्या हातून घडलेलं हे पहिलंच काम. शेळ्या आभारप्रदर्शनही करत नाहीत, तो वेळ वाचेल.

बोलायला मात्र एका मुलीलाच मिळालं. दोन मिनिटं, जेवणानंतर. तिनं विचारलं, रस्ता रुंदीकरणात तोडलेल्या वडांच्या बदल्यात लावलेली झाडं कुठे आहेत? अध्यक्ष कौतुकानं म्हणाले, “हिला वक्तृत्व स्पर्धेला पाठवा.” टाळ्या.

कसलं वक्तृत्व? सरळ प्रश्न होता, एका ओळीत उत्तर देता आलं असतं. देशानं निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० साल धरलंय. तोवर ही मुलगी साठी ओलांडेल. मंचावरचे सतराही जण तेव्हा फक्त फोटोत असतील, हारासकट. तोवरचा सगळा उन्हाळा तिला काढायचाय, आणि घंटा वाजवून खाली बसवता तिलाच! लाज नावाचं काही शिल्लक असेल तर तेही फ्लेक्सवर छापून घ्या.

पोरांनो, पुढच्या वर्षीही तुम्हाला बोलावतील. जरूर जा. फ्लेक्सही धरा. फक्त अध्यक्ष बोलायला उठले की हात सोडा.