कपाट विलायती, चादर सोलापुरी

सोलापुरात कपाट म्हणजे लोखंडी, आणि लोखंडी म्हणजे गोदरेज. मग ते गल्लीच्या कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याने ठोकलेलं का असेना. गोदरेजने 1923 पासून पोलादी कपाटं करायला घेतली, आणि तेव्हापासून आपल्याकडे कपाटाशिवाय मुलगी सासरी पाठवायची म्हणजे घराण्याची अब्रूच. दाराला आरसा, आत लॉकर, लॉकरमध्ये सोनाराच्या पावत्या आणि आरशाच्या कोपऱ्यात चिकटवलेल्या टिकल्या. पत्रा गंजेल, पण टिकल्या हलणार नाहीत.

अशा गावात राहून मी घरी जाहीर केलं, की आपण जुनं युरोपियन लाकडी कपाट घ्यायचं.

"जुनं घ्यायला पैसे कशाला?" सौ. म्हणाली. "आत्याबाईंच्या माळ्यावर आहे की एक. झुरळांसकट देतील."

मग पुण्याच्या मेहुण्याला फोन झाला. पुण्याच्या माणसाला माहिती विचारली की ती व्याख्येपासून सुरू होते. शंभर वर्षांच्या पुढचं ते अँटिक, अलीकडचं ते व्हिंटेज. त्यातून 1972 चा पुरावस्तू कायदा आहेच. शंभरी ओलांडलेली कलाकुसरीची वस्तू या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, आणि तशी आली तर ती देशाबाहेर नेता येत नाही.

"न्यायचीय कुणाला?" सौ. मागून म्हणाली. "जास्तीत जास्त अक्कलकोटला नेऊ."

मेहुण्याने मोबाइलवर फोटो पाठवले आणि आमच्या घरात रोज रात्री जेवणानंतर युरोपचा कांदेपोह्यांचा कार्यक्रम सुरू झाला. पहिलं स्थळ आलं नॉर्मंडीचं. फ्रान्सच्या त्या भागात लग्न ठरलं की मुलीसाठी ओकचं कपाट करून घ्यायची रीत होती. दारांवर कबुतरांची जोडी, फुलांची परडी, गव्हाच्या ओंब्या कोरलेल्या. आत सासरी न्यायच्या चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडं घडी घालून रचलेली. म्हणजे रुखवतच, फक्त शेवयांचा राजवाडा तेवढा कमी. आणि चादरी नि टॉवेलच द्यायचे होते, तर नॉर्मंडीचं अख्खं रुखवत आमच्या नव्या पेठेत एका दुकानात उरकलं असतं, वर घासाघीस करून दोन नॅपकिन फुकट मिळाले असते.

दुसरं स्थळ हॉलंडचं. अंगाने भरलेलं, लाकडाच्या जाडजूड गोळ्यांवर उभं आणि डोक्यावर हातभर पुढे आलेला नक्षीदार छज्जा. उंची पाहिली आणि आमच्या स्लॅबकडे पाहिलं. हे आत आणायचं तर आधी पंखा उतरवावा लागणार. सोलापुरात पंखा उतरवायचं सुचवणाऱ्या माणसाला घरचेच उतरवतील.

तिसरं बव्हेरियाकडचं, शेतकऱ्याघरचं. पाइनचं स्वस्त लाकूड, त्याचा गरीबपणा झाकायला वर रंगीत फुलं, आणि दारावर नवरीचं नाव नि लग्नाचं साल रंगवलेलं. इथे मात्र सौ. पहिल्यांदा चष्मा लावून जवळ आली.

"नाव घातलंय?" तिने विचारलं. आमच्या घरातल्या प्रत्येक पातेल्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं कुणाचं तरी नाव आणि तारीख आहे; मामाने दिलेलं घंगाळ आणि मावशीने दिलेला डबा यांत आजही गफलत होत नाही. "म्हणजे तिकडचे लोकही आपल्यासारखेच. दिलं की लिहून ठेवायचं." युरोपबद्दलचं तिचं मत त्या रात्री बरंच सुधारलं.

माझा स्वतःचा जीव जडला होता 1930 च्या दशकातल्या कपाटांवर. कोपरे गोल, कोरीवकाम शून्य, आणि अक्रोडाचा पातळ पापुद्रा असा जोडलेला की दोन्ही दारांवर लाकडाच्या रेषा एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या उमटाव्यात. शिवाय आत एका बाजूला फळ्या आणि दुसऱ्या बाजूला दांडी. फार जुन्या कपाटांत ही दांडी नसते. हँगरला कपडे अडकवायची टूम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला फोफावली, त्याआधी सगळा कारभार फळ्यांचा आणि खुंट्यांचा. कोटवाल्यांची यात पंचाईत होते. पैठणी मलमलीत गुंडाळून आडवी ठेवणाऱ्यांना युरोपचं सतरावं शतकसुद्धा चालतं.

मुंबईला चोरबाजारात मटण स्ट्रीट आहे, जोगेश्वरीला ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार आहे. मी दोन्हीकडे गेलो, आणि सोबत आमच्या सुतारमामांना नेलं. त्यांना कल्याणला भाचीच्या डोहाळजेवणाला जायचंच होतं. येण्याजाण्याचं तिकीट माझ्याकडे लागलं.

पहिल्या दुकानात दोनशे वर्षांचं म्हणून एक धूड उभं होतं. दुकानदार राजेरजवाड्यांच्या गोष्टी सांगत होता आणि मामा कपाटाच्या पाठीमागे बॅटरी घेऊन घुसले होते. जुन्या कपाटाचं तोंड पाहायचं नसतं, पाठ पाहायची. तोंडाला पॉलिश लागतं, पाठीला कुणी लावत नाही. थोड्या वेळाने आतून आवाज आला.

"शेठ, दोनशे वर्षांमागं फुलीचा स्क्रू होता व्हय ओ?"

नव्हता. ते फुलीच्या डोक्याचे स्क्रू 1930 च्या दशकात बाजारात आले. त्याआधी बहुतेक सगळे एका खाचेचे. पाठीच्या फळ्यांवर गोल करवतीच्या कमानदार रेघाही स्वच्छ दिसत होत्या, म्हणजे लाकूड यंत्रावर चिरलेलं. वरचा मजला आणि खालचा मजला यांचा रंगही जुळेना. "पत्रिका न बघता लावलंय हे," मामा अंग झटकत म्हणाले. "वरचं एका घरचं, खालचं दुसऱ्या घरचं. नांदायचं नाही."

आमचं कपाट सापडलं ते ओशिवऱ्याला, गाद्यांच्या ढिगाआड. कुलपाच्या पट्टीवर जर्मन अक्षरं, आणि पट्टीभोवती जास्तीचं एकही भोक नाही. म्हणजे कुलूप जन्मापासूनचं. मामांनी खालचा खण ओढून उलटा केला. कोपऱ्याच्या सांध्याचे दात मोजून मापून सारखे होते, यंत्रावर कापलेले. 1930 च्या सुमाराच्या कपाटाला तेच शोभतात; हाताने कापलेले वेडेवाकडे दात दिसले असते तर उलट शंका आली असती. मग नखाने पापुद्रा टकटक वाजवला. पोकळ आवाज आला तर आतला सरस सुटलेला. तळाशी किडीची चार भोकं निघाली, त्यावर मामांचा निकाल: "भोकं जुनी असूंदेत की. खाली पीठ पडतंय का बघायचं. पीठ नाही, म्हंजे भाडेकरू सोडून गेल्यात."

घरी आणताना अख्ख्या इमारतीने जिन्यात येऊन सल्ले दिले. पण ही कपाटं दिसतात तेवढी आडमुठी नसतात. युरोपातली मोठी कपाटं घर बदलताना सुटी करता येतील अशीच पुष्कळदा बांधलेली असतात: छज्जा वेगळा, कुशी वेगळ्या, दारं बिजागरीवरून वर उचलून काढायची, बाकी पाचरी आणि बोल्ट. आमचं जर्मन कपाट फळ्याफळ्यांनी तीन मजले चढलं. त्याच जिन्यात शेजाऱ्यांचं लोखंडी कपाट एकदा असं अडकलं होतं की त्या दिवशी वरच्या मजल्यावरच्यांनी रजा टाकली.

खरी परीक्षा एप्रिलपासून. पारा चव्वेचाळीसला टेकला की सोलापुरात माणसंच आक्रसतात, तिथे लाकडाचं काय! मामांनी बजावलं: पश्चिमेच्या भिंतीला लावायचं नाही, कूलरच्या तोंडी ठेवायचं नाही, आणि पाठीमागे चार बोटं वारा खेळू द्यायचा. मग लाख आणि स्पिरिट कालवून कापडाच्या बोळ्याने चकाकी आणली. या पॉलिशला जगभर फ्रेंच म्हणतात, आणि त्यातली लाख बरीचशी आपल्या झारखंडच्या जंगलातली. नाव सासरचं, कष्ट माहेरचे. आपल्या बायकांना ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही.

तळमजल्यावरचे अण्णा कपाट बघायला आले. त्यांची हयात मागावर गेली. त्यांनी कपाटाभोवती प्रदक्षिणा घातली, आत डोकावले आणि म्हणाले, "परदेशचं म्हणून काय कौतुक करून राहिलाव? आमच्या मागावरचं जकार्ड तेबी फ्रान्सचंच की!" खरं होतं. लियाँच्या जोसेफ मारी जकार्डने 1804 च्या सुमारास काढलेल्या त्या युक्तीवर आमच्या चादरींवरचे मोर आणि फुलं विणली जातात. चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते मात्र सोलापूरच्या नावाने. फ्रान्सने यंत्र दिलं, नाव आम्ही काढलं. अण्णांनी खालच्या फळीवर एकावर एक सहा जाड चादरी रचायला लावल्या आणि वाकून फळीखालून नजर लावली. फळी तसूभरही झुकली नाही. "चालतंय," ते म्हणाले. कपाट घेताना देशोदेशीचे जाणकार काय काय बघत असतील ते असो; चादरींखाली न वाकणारी फळी बघा, बाकीचं पॉलिशमध्ये निभावतं.

दसऱ्याला सौ.ने घरातल्या सगळ्या यंत्रांबरोबर कपाटाचीही पूजा केली. झेंडूचं तोरण, आपट्याचं पान, आणि दारावर बोटाने रेखलेलं ठसठशीत कुंकवाचं स्वस्तिक. मी कौतुकाने फोटो मेहुण्याला पाठवला. मिनिटभरात फोन आला, आवाज घाबरा.

"दाजी, आधी ते पुसा! जर्मन कपाट, 1930 चं साल, आणि त्यावर हे? उद्या विकायला काढलंत तर गिऱ्हाईक जिन्यातून परत जाईल!"

सौ.ने फोन माझ्या हातातून घेतला. "हे बघ, ते चिन्ह आपल्या देव्हाऱ्यातलं. त्या मेल्याने पळवून नेऊन नासवलं, म्हणून मी पुसू? एक जर्मन कपाट तरी शुद्ध झालं म्हण. आणि विकणार कोण? सूनबाई आली की तिचं नाव घालणार आहे मी त्यावर, सालासकट."

आमचा मुलगा नववीत आहे. पण कपाटाची सोय झाली.